प्रश्न वाक्याच्या पोटात शिरतो तेव्हा

मराठी माध्यमातून शिकलेली आणि नोकरीत स्थिरावलेली माणसे माझ्याकडे येतात तेव्हा प्रत्येकाचे शब्द निराळे असले, तरी चिंता बहुधा एकच असते: छोटी वाक्ये जमतात, वाक्य लांबले की इंग्रजी कोसळते, आणि आता या वयात ते सुधारण्यातले नाही. या चिंतेचा पहिला भाग खरा असतो, दुसरा नसतो. लांबलेले वाक्य नेमके कुठे मोडते हे शांतपणे पाहिले, तर पुष्कळदा ती जागा एकच निघते. एका वाक्याच्या आत दुसरे वाक्य नामासारखे बसवायचे असते, ज्याला मराठीच्या तासाला आपण नामवाक्य म्हणतो आणि इंग्रजीच्या तासाला नाउन क्लॉज, आणि तिथेच जीभ अडते.

एका परिचारिकेची हकीकत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. तिची ओळख पटेल असे तपशील मी वगळले आहेत. लहान रुग्णालयात अनेक वर्षे उत्तम काम केल्यानंतर ती मोठ्या शहरातल्या रुग्णालयात रुजू झाली, आणि तिथे ड्यूटी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या सिस्टरला इंग्रजीतून द्यावी लागे. रुग्णाला काय होते आहे हे तिला इतरांपेक्षा अधिक कळत असे, पण हँडओव्हरची वेळ आली की ती सहकारी मैत्रिणीला पुढे करून स्वतः मागे उभी राहू लागली होती.

"व्याख्या मला पाठ आहे, मॅडम," ती म्हणाली. "परीक्षेत नाउन क्लॉज अधोरेखित करण्याचे गुण कधी गेले नाहीत. बोलताना मात्र घोटाळा होतो."

मी तिला आदल्या दिवशीचे एखादे वाक्य जसेच्या तसे सांगायला सांगितले. ती म्हणाली, "आय डोन्ट नो व्हॉट डिड द डॉक्टर से." आणि लगेच थांबली. "चुकलं ना? पण काय चुकलं, तेच कळत नाही."

पुढच्या काही भेटींत आम्ही इंग्रजीचे पुस्तक उघडलेच नाही. हेच वाक्य मराठीत सांगा, असे मी म्हटले. "डॉक्टर काय म्हणाले, ते मला माहीत नाही," ती सहज म्हणाली. मी ते कागदावर लिहिले आणि पहिले तीन शब्द तिला हाताने झाकायला सांगितले.

"आता काय उरलं?"

"ते मला माहीत नाही."

"हे 'ते' म्हणजे काय?"

ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. "डॉक्टर काय म्हणाले, ती अख्खी गोष्ट."

"म्हणजे इथे तुम्ही प्रश्न विचारताय का?"

"नाही. मी सांगतेय." मग तिने पेन उचलले, आपल्या इंग्रजी वाक्यातला 'डिड' खोडला आणि सावकाश लिहिले: आय डोन्ट नो व्हॉट द डॉक्टर सेड. 'से'चे 'सेड' कसे झाले, असे मी विचारले, तेव्हा तिने दिलेले उत्तर मी आजही माझ्या विद्यार्थ्यांना सांगते. "डिड गेला ना, मग भूतकाळ क्रियापदालाच सांगावा लागणार."

हा नियम मी तिला सांगितला नव्हता. तिने तो स्वतःच्या मराठीतून शोधला. माझी ठाम धारणा आहे की मातृभाषा बाजूला सारून इंग्रजी शिका, हा सल्ला अशा माणसांचे नुकसान करतो. मराठीत प्रश्न आणि नामवाक्य यांचा शब्दक्रम एकच असतो: 'तो कुठे राहतो?' आणि 'तो कुठे राहतो, ते मला माहीत नाही'. त्यामुळे प्रश्न वाक्यात शिरताना काही बदलावे लागते, हे आपल्या कानाला जाणवतच नाही. इंग्रजीत मात्र 'डू', 'डझ', 'डिड' इथे विचारण्यासाठीच आलेले असतात, आणि प्रश्नाची गोष्ट झाली की त्यांचे काम संपते. 'व्हेअर इज ही?' मधला 'इज' याच कारणाने मागे सरकून 'व्हेअर ही इज' असे होते. हा बुद्धीचा दोष नाही, आणि वयाचा तर मुळीच नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर होती, कारण तिच्या कामात ती धोक्याची ठरू शकली असती. "मी गोळी घेतली, असं पेशंट म्हणाले" या वाक्याचे ती "द पेशंट सेड दॅट आय हॅव टेकन द टॅब्लेट" असे करीत असे. मराठीत 'असे' लावून आपण बोलणाऱ्याचा 'मी' तसाच ठेवू शकतो. इंग्रजीत 'दॅट' आला की सर्वनामे सांगणाऱ्याच्या बाजूने बदलतात, म्हणून तिच्या वाक्यात गोळी सिस्टरने घेतलेली होती. "सेड दॅट ही हॅड टेकन द टॅब्लेट" हे रूप तिने एकदा समजून घेतल्यावर तिला पुन्हा सांगावे लागले नाही.

ज्यांना हीच चिंता आहे त्यांनी आधी झाकून पाहण्याची सवय करावी. वाक्याच्या ज्या तुकड्याच्या जागी 'इट' किंवा 'समथिंग' चपखल बसते, तो नामाचे काम करतो, मग तो कर्माच्या जागी असो वा कर्त्याच्या. 'व्हॉट द डॉक्टर ॲडव्हाइज्ड इज इन द फाइल' यात पहिले चार शब्द मिळून कर्ता आहेत. हो-नाहीचा प्रश्न आत घेताना 'इफ' किंवा 'व्हेदर' लागतो, पण 'ऑन'सारख्या शब्दयोगी अव्ययानंतर 'व्हेदर'च चालतो: 'इट डिपेन्ड्स ऑन व्हेदर द फीव्हर कम्स डाउन.' 'आय थिंक'नंतरचा 'दॅट' बोलताना खुशाल गाळावा. वाक्याच्या आरंभी तो कर्ता घेऊन आला असेल, तर गाळता येत नाही.

त्या परिचारिकेला मी रोज ड्यूटीवर कानावर पडलेला एकच प्रश्न घेऊन तो 'आय डोन्ट नो', 'शी आस्क्ड मी' आणि 'कॅन यू टेल मी' या तीन सुरुवातींना जोडायला सांगितले. काही आठवड्यांनी ती हँडओव्हर स्वतः देऊ लागली. तिसऱ्या सुरुवातीने तिला थोडे गोंधळवले होते, कारण त्या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह येते. त्यावर आम्ही एवढेच ठरवले, की प्रश्नचिन्ह 'कॅन यू टेल मी' या मुख्य वाक्याचे असते, म्हणून आत मात्र 'व्हेअर द फाइल इज' असेच राहते.