पुण्याच्या गर्दीत सायकलस्वार आणि मोटारचालक यांनी एकच रस्ता सुरक्षितपणे कसा वापरावा?

एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात सायकलस्वाराच्या ज्या धोक्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, तो माझ्या मते धावत्या मोटारीचा नसून कडेला उभ्या असलेल्या मोटारीच्या अचानक उघडणाऱ्या दाराचा आहे. चालकाने आपले दार उजव्या हाताने न उघडता डाव्या हाताने उघडावे. तसे केल्याने खांदा आपोआप वळतो, नजर आरशावरून मागे जाते आणि येणारी सायकल वेळेत दिसते. (नेदरलँड्समध्ये ही जुनी सवय आहे, तिथे स्टिअरिंग डावीकडे असल्याने हात उजवा, एवढाच फरक.) सायकलस्वारानेही उभ्या गाड्यांपासून सुमारे एक मीटर अंतर राखून सरळ रेषेत जावे, मधल्या मोकळ्या जागांत आत-बाहेर करू नये.

सायकलला ओलांडताना जर्मनीतील शहरांत 2020 पासून किमान दीड मीटर अंतर बंधनकारक आहे. लक्ष्मी रस्त्यावर तेवढी जागा कुठली? तिथे हॉर्न न वाजवता मागे थांबावे. चौकात डावीकडे वळणाऱ्या बसच्या डाव्या अंगाला मात्र सायकल कधीही नेऊ नये, कारण तिथली सायकल चालकाला बहुधा दिसतच नाही.