बीसीएम बदलण्याआधी अर्थिंगचा बोल्ट बघा

बीएस-६ गाड्या आल्यापासून ट्रकमालकांच्या प्रश्नांत एक डबा सारखा डोकावतो: बीसीएम, म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल. दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांचा कारभार बघणारा. आलेल्या प्रश्नांपैकी काहींना इथे उत्तरं देतो.

माझा दहाचाकी ट्रक आहे. वायपर लावला की हेडलाइट मंदावतात, इंडिकेटर दिला की डॅशबोर्डवरचे दिवे लुकलुकतात. गॅरेजवाला म्हणतो बीसीएम गेला, नवा टाका. टाकू का? (कळंबोली)

थांबा, दादा. स्विच एकाचा दाबायचा आणि नाचायचं दुसऱ्याने, हे दुखणं बहुतेक वेळा डब्याचं नसतं, अर्थिंगचं, म्हणजे पत्र्यातून बॅटरीकडे जाणाऱ्या परतीच्या वाटेचं असतं. वायपर मोटरच्या करंटला बॅटरीकडे परतायला धड वाट मिळाली नाही, की तो मिळेल त्या वाटेने घुसतो, दिव्यांच्या सर्किटमधूनसुद्धा.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावा. काळी पिन बॅटरीच्या चेसिसकडच्या निगेटिव्हवर आणि लाल पिन बीसीएमच्या अर्थ वायरवर, तीही कप्लर (वायरींचा प्लग) जोडलेला असताना मागच्या बाजूने. हेडलाइट, वायपर, ब्लोअर, सगळं चालू करा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग ठीक. एक व्होल्टच्या आसपास गेला तर डब्याला हात लावू नका, आधी ती वायर धरून मागे मागे जा. त्याच पद्धतीने पॉझिटिव्हकडचा ड्रॉप, म्हणजे वाटेत गळणारं व्होल्टेजही बघा. गाडी चालू असताना २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये बॅटरीवर साधारण २८ व्होल्ट दिसतात. डब्याच्या पिनवर २५ दिसले तर मधे कुठला फ्यूज किंवा जॉइंट खातोय ते शोधायचं. आणि कृपा करून कप्लरच्या तोंडात जाड पिना खुपसू नका. आतली टर्मिनल फाकतात आणि नसलेला फॉल्ट तुम्हीच तयार करता.

मी स्वतः यात एकदा आपटलोय. एका टिपरचा बीसीएम बदलून दिला, दोन दिवसांत गाडी तीच तक्रार घेऊन दारात. मग ड्रायव्हरच्या पायाजवळचं मॅटिंग उचललं. आधीच्या एका अपघातानंतर केबिन रंगवली होती आणि रंगवणाऱ्याने अर्थिंगच्या बोल्टखालीही छान पिवळा रंग मारला होता. लग (वायरच्या टोकाची कडी) वरून घट्ट, खाली रंग. मीटरवर १.९ व्होल्ट. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, बोल्ट आवळला, काम झालं. डब्याचे पैसे मालकाला परत केले, त्याचा जुना डबा परत बसवला. नवा अजून माझ्या कपाटात आहे, त्या टिपरचा चेसिस नंबर पोटात घेऊन.

भंगारात त्याच मॉडेलच्या ट्रकचा बीसीएम स्वस्तात मिळतोय. कप्लर तंतोतंत जुळतात. बसवला तर चालेल का? (नगर)

कप्लर जुळणं म्हणजे पत्रिका जुळणं नव्हे. आधी लेबलवरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून बघा. एकाच साच्यातल्या डब्यात वेगवेगळ्या व्हेरियंटचं सॉफ्टवेअर असतं. पुढे, बऱ्याच डब्यांत मूळ गाडीचा चेसिस नंबर लिहिलेला असतो. काही मॉडेलांत किल्ली ओळखण्याचं कामही हाच डबा करतो, तिथे इंजिनच उठणार नाही. काही डबे कंपनीच्या टूलने पुसून पुन्हा लिहिता येतात, बरेच येत नाहीत. माझ्या कपाटातला तर एकदाच वापरलेला आहे, तरी दुसऱ्या गाडीला चालत नाही. विकणारा ‘बसवून, चालवून, मग पैसे’ म्हणत असेल तरच बोला.

नवा, ओरिजिनल बीसीएम टाकला. गाडी सुरू होते, पण वायपर थांबून थांबून चालत नाही, फॉगलॅम्प लागत नाहीत आणि डॅशवर खूण पेटून राहते. माल खराब निघाला का? (इस्लामपूर)

बहुधा नाही, डबा कोरा आहे. तुमच्या गाडीला फॉगलॅम्प आहेत, थांबून थांबून चालणारा वायपर आहे, हे त्याला कुणीतरी स्कॅनर लावून सांगावं लागतं. यालाच कोडिंग म्हणतात. अधिकृत सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर देऊन फाइल टाकून घ्या. खरं तर जुना डबा काढायच्या आधीच त्याचं कॉन्फिगरेशन वाचून ठेवायचं असतं. तो अर्धामुर्धा जिवंत असला तरी बहुतेकदा वाचता येतं. जुना फेकला नसेल तर सोबत न्या.

कोडिंग चालू असताना बॅटरीला चार्जर लावलेला हवा. अर्ध्यात व्होल्टेज पडलं तर नवा डबाही कामातून जाऊ शकतो.

कोडिंगनंतरही खूण गेली नाही, तर कॅनच्या, म्हणजे गाडीतले कंट्रोल डबे एकमेकांशी बोलतात त्या लाइनच्या, दोन पिळलेल्या वायरी तपासा. बॅटरीची केबल काढून दोन्हींमध्ये ओहम मोजा: ६० च्या आसपास हवेत, कारण लाइनच्या दोन टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर असतात. १२० दाखवले तर एक टोक तुटलंय. या वायरींना टेस्ट लॅम्प लावायचा नाही, कधीच.

एलईडी बल्ब टाकल्यापासून इंडिकेटर फार भरभर चालतो. बीसीएम बिघडला? (वैजापूर)

नाही. २१ वॅटचा साधा बल्ब २४ व्होल्टवर जवळजवळ ०.९ अँपिअर घेतो, एलईडी त्याच्या कितीतरी कमी. डब्याला वाटतं बल्ब उडाला. साधे बल्ब परत टाका.

सहा महिन्यांत दुसरा बीसीएम जळला. पहिल्या वेळी अर्थिंग, कोडिंग सगळं नीट केलं होतं. (चिपळूण)

तुमच्याकडचा पाऊस बघता पहिला संशय पाण्यावर. कप्लर उघडून पिनांवर हिरवट थर आहे का बघा. असेल तर काचेचं रबर आणि एसीच्या ड्रेनचा पाइप तपासा, आणि क्लिनर केबिन आतून पाइपने धुतो का ते विचारा. पाणी हार्नेसवरून (वायरींच्या जुडग्यावरून) ओघळत थेट कप्लरमध्ये उतरतं; म्हणून कप्लरच्या आधी वायरला खाली झोल द्या, थेंब तिथेच गळतो.

दुसरा संशय वेल्डिंगचा. फाळका, मडगार्ड, काहीही जोडायचं असो, बॅटरीच्या केबल आणि कंट्रोल डब्यांचे कप्लर आधी सोडायचे, आणि वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प जोडकामाच्या हातभर अंतरावर. मागे चेसिसला जोडतोय आणि क्लॅम्प पुढच्या बंपरला, असं मी डोळ्यांनी पाहिलंय.

तिसरं म्हणजे जादा दिवे आणि प्रेशर हॉर्न. त्यांची वायर बीसीएमच्या आउटपुटला टोचली असेल तर आजच काढा. बॅटरीवरून वेगळा फ्यूज, वेगळा रिले. आणि रिलेच्या कॉइललाही वेगळा स्विच द्या. हे तिन्ही बघून होईपर्यंत तिसरा डबा घेऊ नका.