राजेश खन्ना यांची सद्दी अमिताभ बच्चन यांच्यामुळे संपली का?

आपण विचारले आहे की, १९६९ ते १९७१ या काळात केवळ ज्याच्या नावावर चित्रपटगृहाबाहेर ‘हाऊसफुल्ल’ची पाटी लागत असे, तो नट पाच-सहा वर्षांतच मागे कसा पडला, आणि अमिताभ बच्चन यांचा उदय हेच त्यामागचे खरे कारण आहे का. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो: ते कारण आहे, पण फार थोडे. काही काळापूर्वी मी राजेश खन्ना यांचे वीस-पंचवीस चित्रपट प्रदर्शनाच्या वर्षांच्या क्रमाने पाहिले. एरवी आपण ‘आनंद’ पाहतो, ‘अमर प्रेम’ पाहतो आणि बाकीचे सोडून देतो, त्यामुळे या माणसाचा उतार आपल्या दृष्टीसच पडत नाही. क्रमाने पाहत गेलो तेव्हा लोकांच्या तोंडी असलेली कथा आणि पडद्यावर दिसणारी कथा यांत बरेच अंतर असल्याचे लक्षात आले.

सर्वप्रथम तारखा पाहू. अमिताभ यांचे नाव करणारा ‘जंजीर’ प्रदर्शित झाला मे १९७३मध्ये. परंतु ‘दिल दौलत दुनिया’, ‘जोरू का गुलाम’, ‘मालिक’ आणि ‘शहजादा’ हे खन्ना यांचे चारही पडेल चित्रपट १९७२ सालचे, म्हणजे अमिताभ यांच्या नावाची कोणी धास्ती घ्यावी अशी परिस्थिती निर्माण होण्यापूर्वीचे. त्याच वर्षी ‘अमर प्रेम’, ‘बावर्ची’ आणि ‘अपना देश’ही आले आणि चालले. याचा अर्थ असा की, एका वर्षात एकाच नटाचे इतके चित्रपट झळकत होते की प्रेक्षकाला निवड करता येऊ लागली होती, आणि जो प्रेक्षक निवड करू लागतो तो भक्त उरत नाही. उलट बाजूने पाहिले तर ‘जंजीर’नंतरही खन्ना संपलेले नव्हते. १९७४ साली ‘आप की कसम’, ‘प्रेम नगर’, ‘अजनबी’ आणि ‘रोटी’ हे चित्रपट लोकांनी उचलून धरले. आणखी एक गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. अमिताभ यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९४२चा आणि खन्ना यांचा २९ डिसेंबर १९४२चा. तरुण रक्ताने जुन्या पिढीला बाजूला सारले, असे ज्या लढतीचे वर्णन केले जाते, त्या लढतीतला ‘जुना’ गडी ‘नव्या’पेक्षा अडीच महिन्यांनी लहान होता.

मग झाले काय? यासाठी ही लोकप्रियता कशाची बनलेली होती ते पाहावे लागते. १९६५च्या ‘फिल्मफेअर’ आणि युनायटेड प्रोड्यूसर्स यांच्या स्पर्धेतून निवडले गेलेले, गिरगावात वाढलेले जतीन खन्ना (हे राजेश खन्ना यांचे मूळ नाव) ‘आखरी खत’, ‘राज’, ‘बहारों के सपने’ अशा चित्रपटांतून दिसले. त्यांचे काम वाईट नव्हते, पण त्यामुळे कोणी वेडे झाले नाही. वेड लागले ते १९६९च्या ‘आराधना’मुळे. शक्ती सामंता यांचे दिग्दर्शन, सचिनदेव बर्मन यांचे संगीत, आनंद बक्षी यांचे शब्द आणि किशोरकुमार यांचा आवाज एकत्र आले, आणि त्या आवाजाला साजेसा, मान किंचित तिरपी करून पापण्या मिटणारा आणि समोरच्या व्यक्तीशी नव्हे तर जणू प्रेक्षागृहातल्या एकेका व्यक्तीशी बोलणारा चेहरा मिळाला. त्याच वर्षीचा ‘दो रास्ते’ चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘नीलांबरी’ या मराठी कादंबरीवर बेतलेला होता. त्यात घर, थोरला भाऊ आणि कर्तव्य हे सगळे ओळखीचे सामान होते, पण लोक पुन्हा पुन्हा गेले ते त्या धाकट्या भावाला पाहायला. ही जादू जवळिकीची होती आणि तिचा बहुतेक भार गाण्यांनी वाहिला होता. हे मी त्यांना कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. गाणे पडद्यावर असे जगणारा नट हिंदी चित्रपटात मला तरी दुसरा दिसलेला नाही.

पण जवळीक ही पुनरावृत्तीने झिजणारी गोष्ट आहे. ‘आराधना’मध्ये ती पापणी सहज मिटते, ‘खामोशी’मध्ये मनोरुग्णालयातल्या रुग्णाच्या भूमिकेत ती जवळजवळ दिसतच नाही, एकही गाणे नसलेल्या ‘इत्तेफाक’मध्ये तिची गरजच भासत नाही. नंतर नंतर मात्र दिग्दर्शक तिच्यासाठी जागा राखून ठेवू लागल्याचे स्पष्ट जाणवते. वाक्य संपते, क्षणभर थांबा येतो, मान हलते, पापणी मिटते. प्रेक्षक टाळ्या वाजवणार हे गृहीत धरून तो थांबा ठेवलेला असतो. टाळ्या थांबल्या तेव्हा तोच थांबा अवघडल्यासारखा दिसू लागला. १९७६च्या ‘महबूबा’चे उदाहरण घ्या. दिग्दर्शक पुन्हा शक्ती सामंता, नायिका हेमामालिनी, संगीत राहुलदेव बर्मन यांचे, आणि ‘मेरे नैना सावन भादो’ हे गाणे आजही लोक डोळे मिटून ऐकतात. तरीही चित्रपट पडला. गाणे उचलायचे आणि नायक सोडून द्यायचा, असे प्रेक्षक करू शकतात हे त्यातून दिसले. सात वर्षांपूर्वी या दोन गोष्टी वेगळ्या करणे कुणालाच जमले नसते.

देशाची मनःस्थिती पालटली, महागाई, १९७२चा दुष्काळ, १९७४चा रेल्वे संप आणि पुढे आणीबाणी या वातावरणात लोकांना प्रेमिक नको होता, संतापलेला माणूस हवा होता, असे एक स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते जितक्या सहजपणे फेकले जाते तितके पुरे पडत नाही. १९७३ साली देशभर ज्याने धुमाकूळ घातला तो ‘बॉबी’ निखळ प्रेमकथा होता. १९७४च्या ‘रजनीगंधा’पासून ‘छोटी सी बात’ आणि ‘चितचोर’पर्यंत अमोल पालेकर यांनी जो भिडस्त, बसच्या रांगेत उभा राहणारा नायक उभा केला, तो ज्यांना आवडला ते प्रेक्षकही त्याच महागाईत जगत होते. म्हणजे कोमलता हद्दपार झालेली नव्हती. ती दोन घरांत विभागली गेली: एकीकडे ऋषी कपूर यांचे कोवळे वय, तर दुसरीकडे पालेकरांचा साधेपणा. तिशी ओलांडलेले, गुरुशर्ट घातलेले आणि स्वतःभोवती तेजोवलय असलेले खन्ना यांपैकी कोणत्याच घरात मावत नव्हते. नियतीचा विनोद असा की, मार्च १९७३मध्ये त्यांनी डिंपल कापडिया यांच्याशी विवाह केला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये त्या ‘बॉबी’ म्हणून पडद्यावर आल्या. प्रेमकथेची नवी पिढी त्यांच्या घरातच होती.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते याहून वेगळेच, आणि त्याविषयी फारसे लिहिले जात नाही. ज्या लोकांनी त्यांना घडवले किंवा ज्यांना त्यांनी हात दिला, तेच लोक पुढचा काळ घडवत होते आणि त्या काळात त्यांना जागा नव्हती. मनमोहन देसाई यांनी १९७०मध्ये त्यांना घेऊन ‘सच्चा झूठा’ केला, १९७४मध्ये ‘रोटी’ केला. १९७७मध्ये त्याच देसाईंनी ‘अमर अकबर अँथनी’ केला तेव्हा तीन नायकांत राजेश खन्ना नव्हते. यश चोप्रा यांनी ‘इत्तेफाक’ त्यांच्याबरोबर केला, स्वतःच्या संस्थेचा पहिला चित्रपट ‘दाग’ही त्यांनाच घेऊन केला, आणि दोनच वर्षांनी अमिताभ यांना घेऊन केलेला त्यांचा ‘दीवार’ आला. सलीम-जावेद यांची गोष्ट तर नाटकात शोभावी अशी आहे. कार्टर रोडवरचा राजेंद्रकुमार यांचा बंगला विकत घेण्यासाठी पैसा हवा म्हणून खन्ना यांनी दक्षिणेतल्या निर्मात्याचा ‘हाथी मेरे साथी’ स्वीकारला. संहिता त्यांना पटेना, म्हणून त्यांनी या दोन नवख्या लेखकांना ती सुधारायला दिली. चित्रपट तुफान चालला आणि लेखकांचे नाव झाले. दोन वर्षांनी त्याच दोघांनी ‘जंजीर’ लिहिला. (‘आशीर्वाद’ हा बंगलाच आधी भाग्यवान आणि मग अपशकुनी ठरला, असे सांगणारेही भेटतात. ते आपण वास्तुशास्त्रींवर सोडून देऊ.)

या मंडळींनी कृतघ्नपणा केला असे मला वाटत नाही. अनेक नायकांचे, मारामारीचे आणि धावत्या संवादांचे चित्रपट त्यांना करायचे होते, आणि अशा चित्रपटात पडदा वाटून घ्यावा लागतो. खन्ना यांची सारी जादू पडद्यावर एकट्याने असण्याची होती. ‘आनंद’मध्ये अमिताभ यांचा डॉक्टर भास्कर बाजूला गप्प उभा राहतो आणि आनंद सारी जागा व्यापून टाकतो, तोवर सगळे सुरळीत होते. १९७३च्या ‘नमक हराम’मध्ये तेच दिग्दर्शक, म्हणजे हृषीकेश मुखर्जी, आणि तेच दोन नट होते, गाणी मुख्यत्वे खन्ना यांच्याकडे, सहानुभूती त्यांच्याकडे, पडद्यावरचा मृत्यूही त्यांच्याकडे. तरीही चित्रपट संपल्यावर लक्षात राहतो तो अमिताभ यांनी केलेला गिरणीमालकाचा धुमसणारा मुलगा. हिंदी चित्रपटात मृत्यू हा नटाला मिळणारा सर्वांत मोठा दागिना मानला जात असे. इथे पहिल्यांदा तो दागिना घालूनही खन्ना उठून दिसले नाहीत.

त्यांच्या स्वभावाविषयी थोडक्यात. चित्रीकरणाला तासन्‌तास उशिरा येणे, रात्री उशिरापर्यंत भरणारा ‘आशीर्वाद’वरचा दरबार आणि भोवतीचे होयबा यांविषयी त्यांच्याबरोबर काम केलेल्या अनेकांनी सांगून ठेवले आहे. त्यामुळे ते पडले, हे मात्र मला मान्य नाही, कारण ‘आराधना’नंतरच्या भरभराटीच्या काळातही ते उशिराच येत असत आणि निर्माते हसतमुखाने वाट पाहत असत. स्वभावाने त्यांना पाडले नाही. पडल्यावर हात देणारे कमी केले. शिवाय ते केवळ आत्ममग्न होते, हेही अन्यायाचे ठरेल. बासू भट्टाचार्य यांच्या ‘आविष्कार’मध्ये लग्नाच्या वाढदिवसाच्या रात्री एकमेकांवर चिडलेल्या जोडप्यातला नवरा त्यांनी इतका उघडावाघडा केला आहे की, ‘आराधना’तली हीच जोडी, शर्मिला टागोर आणि खन्ना, इथे ओळखू येत नाही. या भूमिकेबद्दल त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला तो १९७५मध्ये, म्हणजे उतार लागत असतानाच. १९७७च्या ‘पलकों की छाँव में’मध्ये ते पोस्टमन झाले, सायकलवरून ‘डाकिया डाक लाया’ गात फिरले. चित्रपट चालला नाही. प्रयत्न होते, पण एका बाजूला असे चित्रपट आणि दुसऱ्या बाजूला त्याच वर्षीचे ‘आशिक हूँ बहारों का’ किंवा ‘छैला बाबू’सारखे, नाव वाचूनच आत काय असेल ते कळणारे चित्रपट, अशी ती ओढाताण होती.

म्हणूनच १९८३ हे वर्ष मला फार बोलके वाटते. त्या वर्षी त्यांचे ‘सौतन’, ‘अगर तुम न होते’ आणि ‘अवतार’ हे तिन्ही चित्रपट चालले. ‘अवतार’मध्ये चाळिशीच्या खन्ना यांनी पांढऱ्या केसांचा, एक हात निकामी झालेला, मुलांनी घराबाहेर काढलेला मेकॅनिक उभा केला, शेजारी शबाना आझमी होत्या. पापणी मिटण्याची लकब जवळजवळ नाही, पडदा वाटून घेण्याची तयारी आहे आणि राग आहे, पण तो तरुणाचा नसून अपमान गिळलेल्या बापाचा आहे. प्रेक्षकांनी हा म्हातारा मनापासून स्वीकारला. तीन वर्षांनी ‘अमृत’मध्ये स्मिता पाटील यांच्याबरोबर त्यांनी पुन्हा हीच वाट धरली. परंतु ही वाट त्यांची मुख्य वाट कधी झाली नाही. मधल्या काळात नायकाच्या भूमिका घेणे चालूच राहिले. १९८७ साली किशोरकुमार गेले आणि त्या नायकाचा अर्धा आवाज त्यांच्याबरोबर गेला. पुढे राजकारण आले: १९९१मध्ये नवी दिल्ली मतदारसंघात लालकृष्ण अडवाणी यांच्याकडून अवघ्या १,५८९ मतांनी पराभव, १९९२च्या पोटनिवडणुकीत शत्रुघ्न सिन्हा यांच्यावर विजय, आणि १९९६पर्यंत खासदारकी. नटाची ती वर्षे अशी गेली.

२००० साली अमिताभ यांनी पांढरी दाढी ठेवून ‘मोहब्बतें’मध्ये कडक मुख्याध्यापक केला आणि छोट्या पडद्यावर प्रश्नमंजूषा सुरू केली, तेव्हा वयाचा स्वीकार करून परत येता येते हे सगळ्यांना नव्याने उमगल्यासारखे झाले. सतरा वर्षांपूर्वी ‘अवतार’मध्ये खन्ना यांनी तेच करून दाखवले होते, हे मात्र तेव्हा कोणाला आठवले नाही.

आपल्याला हे स्वतः पडताळून पाहायचे असेल, तर ‘आराधना’, ‘नमक हराम’, ‘महबूबा’ आणि ‘अवतार’ हे चार चित्रपट याच क्रमाने पाहा, आणि प्रत्येकात पहिले गाणे संपल्यानंतरची दहा मिनिटे विशेष लक्ष देऊन पाहा.