बिगूल, कोअर आणि गव्याचं शिंग

प्रश्न असा आलाय: "भाचा अमेरिकेत ड्रम अँड ब्यूगल कॉर्प्समध्ये सिलेक्ट झालाय, आईला मराठीत काय सांगू? तुतारी पथक म्हटलं तर चालेल का? आणि शब्द बिगुल की बिगूल?"

भाच्याचं अभिनंदन. पण आधी ते 'कॉर्प्स' सोडा. कोअर म्हणा, कोअर. शेवटचे प आणि स दोन्ही उच्चारायचे नाहीत. शाळेच्या गॅदरिंगला माइकवरून, बातम्यांत, भाषणांत 'नॅशनल कॅडेट कॉर्प्स' ऐकून कान किटलेत माझे, आणि सांगायला गेलं तर लोक म्हणतात चालतं हो, सगळे तसंच म्हणतात. नाही चालत. प आणि स वाजवलेत की इंग्रजी जाणणाऱ्याला त्यात प्रेत ऐकू येतं. दोन्ही शब्द लॅटिन 'कॉर्पुस' म्हणजे शरीर यातूनच आलेत, पण पलटणीच्या अर्थाचा फ्रेंचमधून नंतर आला आणि फ्रेंच उच्चार तसाच घेऊन आला. अनेकवचनाला स्पेलिंग तेच राहतं, फक्त बोलताना कोअर्झ.

त्याला 'पथक' म्हणा, झकास शब्द आहे, आपली ढोल-ताशा पथकं आहेतच. फक्त बँड म्हणू नका, ती मुलं दुखावतात. मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट, सॅक्सोफोन असतात आणि तो बहुतेक शाळा-कॉलेजचा असतो. कोअर ही स्वतंत्र संस्था, तिची ओळखच पितळी वाद्यं, ड्रम आणि झेंडे फिरवणारा कलर गार्ड अशी घडलेली, वयाची मर्यादा साधारण २२, आणि अख्खा उन्हाळा बसने गावोगाव फिरत स्पर्धा.

बिगुल की बिगूल, तर मराठीत बिगूल, दीर्घ. अकारान्त शब्दातला उपान्त्य उकार दीर्घ, अपवाद फक्त तत्सम शब्दांचा, आणि हा काही संस्कृतातून जसाच्या तसा आलेला नाही. मूल-मुलाचा तसं बिगूल-बिगुलाचा. ऱ्हस्व गु हे हिंदी लेखन आहे, ते आपल्याकडे का लिहितात देव जाणे.

तुतारी पथक मात्र अजिबात नको. वर्तमानपत्रात तुतारी फुंकणाऱ्या माणसाचा फोटो टाकून वर 'बिगूल वाजला' लिहिलेलं दिसलं की मला राहवत नाही. तुतारी लांब, बाकदार, मिरवणुकीची आणि स्वागताची. बिगूल आखूड, नळी गुंडाळलेली, आणि काम हुकूम पोचवायचं. उठा, जेवायला या, दिवे घालवा, प्रत्येक हुकमाची धून ठरलेली आणि ती ऐकून शेकडो माणसं हलतात. वाद्यांची नावं अशी ढकलून दिली की काय होतं ते २०२४ च्या लोकसभेला दिसलंच, ट्रम्पेट या चिन्हाचं मराठी 'तुतारी' केलं आणि 'तुतारी वाजवणारा माणूस' या दुसऱ्याच चिन्हाशी त्याचा घोळ झाला.

आता खरी गंमत.

इंग्रजीत ब्यूगल हे आधी वाद्यच नव्हतं, जनावर होतं. जुन्या इंग्रजीत नाही, पण त्यानंतरच्या, चौदाव्या शतकाच्या आसपासच्या इंग्रजीत ब्यूगल म्हणजे रानबैल, आणि त्याच्या शिंगाचं जे फुंकायचं ते 'ब्यूगल-हॉर्न'. पुढे हॉर्न गळालं आणि जनावराचं नाव वाद्याला चिकटलं. तो शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, आणि फ्रेंचमध्ये लॅटिन 'बुकुलुस'वरून. बुकुलुस म्हणजे गोऱ्हा. हे 'बोस' या शब्दाचं लघुरूप आहे आणि बोस म्हणजे बैल किंवा गाय. ग्रीकमध्ये बूस. आणि आपल्याकडे? गो! तोच शब्द. या सगळ्या भाषांच्या समान पूर्वज भाषेत मुळात 'ग्व' असा जोडध्वनी होता, संस्कृतने त्याचा ग केला, ग्रीकने ब केला, लॅटिनमध्ये नियमाने व यायला हवा होता पण शेजारच्या बोलीतून उसना घेतल्यामुळे तिथेही ब आला. ज्यांना शंका आहे त्यांनी गम् धातू बघावा, जाणे-येणे याच अर्थकुळात लॅटिनमध्ये 'वेनिओ' आणि ग्रीकमध्ये 'बाइनो' आहे, म्हणजे ग, व, ब हेच त्रिकूट. इंग्रजी काऊसुद्धा याच गोठ्यातली.

आता आपल्या रानातलं जनावर आठवा, गवा. दाजीपूरला, राधानगरीला बघितला असेल. गवा आला संस्कृत गवयपासून, आणि गवय आला गोपासून. म्हणजे ब्यूगल हा रानबैल आणि गवा हा रानबैल, मूळ एक, अर्थ जवळपास एक, आणि हजारो वर्षांत एकमेकांचं तोंडही न पाहिलेले हे दोन शब्द आज मराठीत शेजारी नांदतायत! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री झोप लागली नाही. शिवाय हॉर्न, लॅटिन 'कोर्नु' आणि आपलं शृंग ही तिन्ही एकाच मुळाची. तेव्हा कोअरमधली मुलं आपल्या पितळी वाद्यांच्या तुकडीला 'हॉर्नलाइन' म्हणतात तेव्हा ती शृंगांची रांगच असते.

मग इंग्रजीतला ब्यूगल मराठीत बिगूल कसा झाला? इथे माझं ठाम मत आहे आणि ते मी सोडणार नाही. हा शब्द मराठीने पुस्तकातून किंवा साहेबाच्या तोंडून उचललेला नाही, तो छावणीतून आलाय, हिंदुस्तानी बोलणाऱ्या शिपायांच्या तोंडून. पुरावा त्या स्वरांत आहे. 'ब्यू' म्हणजे बि आणि उ एकत्र. शिपायाने तो जोड फोडला, बि जागेवर ठेवला, आणि उ उचलून पुढच्या ग वर बसवला. ब्यू-गल चं बि-गुल. एकही ध्वनी टाकला नाही, नुसता सरकवला! साहेबाकडून थेट आलेल्या शब्दांचं असं होत नाही, ब्युरो ब्युरोच राहिला, त्याचा बिरू झाला नाही. छावणीतले बाकीचे शब्द बघा, रिक्रूटचा रंगरूट, ऑर्डर्लीचा अर्दली, लॉर्डचा लाट, आणि पहारेकऱ्याच्या 'हू कम्स देअर'चं हुकुमदार. याच पंगतीत बिगूल बसतो. मराठीत आल्यावर आपण फक्त तो उकार दीर्घ केला.

काही जाणकार मंडळी सांगतात की बिगूल फारसी आहे, किंवा अरबी 'बूक'वरून आला, बूक म्हणजे कर्ण्यासारखं वाद्य. नुसत्या ब वरून नाती जुळवायची ही वाईट खोड आहे. बूकमधून बिगूल काढायचा तर शेवटचा ल कुठून आणणार, आणि पहिला इकार? इंग्रजी पलटणींच्या आधी हा शब्द आपल्याकडे रुळलेला असता तर बखरींत दिसायला हवा होता, तिथे आपल्याला कर्णे, नौबती, शिंगं भेटतात. तरी हे मत लेखांमधून फिरतंच आहे, आणि एकजण लिहितो म्हणून दुसरा लिहितो.

आता वाद्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही. लष्करात पितळी बिगूल आला तो जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये, १७५८ च्या सुमाराला, अर्धचंद्राच्या आकाराचा. बिगुलाला भोकं नाहीत, पडदे नाहीत, नळीची लांबी ठरलेली, ओठ आवळून-सैल करून जे निघतील तेवढेच स्वर. आपल्या भाषेत मंद्र पंचम, सा, ग आणि प. रे नाही, म नाही. अमेरिकन लष्करात शेवटच्या निरोपाला वाजतं ते 'टॅप्स' याच चार स्वरांत आहे, एकूण २४ सूर, बस्स. १८६२ च्या जुलैमध्ये, यादवी युद्धात, व्हर्जिनियातल्या हॅरिसन्स लँडिंगच्या तळावर जनरल डॅनियल बटरफिल्डने ते एका जुन्या धुनेवरून बसवलं आणि त्याच्या ब्रिगेडच्या ऑलिव्हर नॉर्टन नावाच्या बिगूलवाल्याने वाजवलं. चार स्वरांत केवढं दुःख मावतं ते ऐकाच एकदा.

पहिल्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांनी, अमेरिकन लीजनसारख्या त्यांच्या संघटनांमधून, हेच बिगूल आणि ड्रम घेऊन पथकं उभी केली आणि तिथून ही परंपरा सुरू झाली. चार स्वरांत गाणी कशी बसवणार, म्हणून आडवा पिस्टन लावला, तो दाबला की हवा जादा नळीतून फिरते आणि जी स्वराचा बिगूल डी चा होतो, म्हणजे हाताशी दुसरा स्वरसंच. १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला ड्रम कोअर इंटरनॅशनल या कोअरच्या संघटनेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली, ॲनाहाइम किंग्जमेन जिंकले. १९७७ पासून दोन उभ्या व्हॉल्व्हला, म्हणजे तशाच दाबायच्या झडपांना, परवानगी, १९९० पासून तीन, आणि २००० च्या सीझनपासून वाद्य जी स्वराचंच हवं हे बंधनही गेलं. आता साधे बी फ्लॅट ट्रम्पेट चालतात.

म्हणून हल्ली म्हणतात की कोअरमध्ये बिगूल उरलाच नाही, नावातला ब्यूगल काढून टाका, आणि बरेच जण नुसतं ड्रम कोअर म्हणतातही. बोलताना आखूड करा, माझी हरकत नाही. पण बिगूल उरला नाही हे साफ चूक आहे! बिगूल म्हणजे काय तर निमुळत्या, शंकूसारख्या रुंदावत जाणाऱ्या नळीचं वाद्य. ट्रम्पेटची नळी बरीचशी सरळ, एकसारख्या जाडीची. म्हणून ट्रम्पेट हा बिगूल नव्हे हे कबूल, पण त्याच हॉर्नलाइनमध्ये जाड आवाजाचा युफोनियम असतो, खांद्यावर तोफेसारखा पेललेला, सगळ्यात खर्जातला कॉन्ट्रा असतो, त्यांची नळी बघा. ती रुंदावतच जाते. व्हॉल्व्ह लावलेल्या बिगुलांचं जे घराणं १८४० च्या दशकात ॲडॉल्फ साक्स या वाद्यं बनवणाऱ्या कारागिराने पॅरिसमध्ये वाढवलं, त्याच गोतातली ही मंडळी. आणि फ्लूगलहॉर्न तर थेट व्हॉल्व्हवाला बिगूल. त्याच्या नावातला फ्लूगल आणि ब्यूगल यांचा मात्र संबंध जोडू नका, तेही मी वाचलंय. फ्लूगल म्हणजे जर्मनमध्ये पंख किंवा बगल, शिकारीच्या किंवा सैन्याच्या बगलेला इशारा देणारं शिंग, त्यात बैल नाही. पण वाद्य बिगुलाचंच, इतकं की फ्रेंच वादक आजही फ्लूगलहॉर्नला 'ब्यूगल'च म्हणतात.