लॅबमध्ये लिनक्स टाकू देत नाहीत. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या लिनक्सवर एफवायच्या मुलांना शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) आणि सी ही भाषा शिकवता येईल का?

येतं. मी तीन वर्षं तेच करतेय. अडचण तुमच्यासारखीच होती: पीसीवर विंडोज, अ‍ॅडमिनचा पासवर्ड एकाच माणसाकडे, आणि तो उगवणार आठवड्यातून एकदा. तोवर आमचं सी टर्बो सी या जुन्या कंपायलरच्या निळ्या स्क्रीनवर चालायचं. तिथे इंट (पूर्णांक ठेवायची जागा) सोळा बिटांचा, मोठा आकडा त्यात मावत नाही, त्यामुळे ८ चं फॅक्टोरियल ४०३२० ऐवजी उणे २५२१६ यायचं आणि मुलं ते निमूटपणे जर्नलमध्ये उतरवायची.

तुम्ही ज्याला ब्राउझरमधलं लिनक्स म्हणताय त्यात दोन वेगळे प्रकार येतात. माझा पहिला घोळ तिथेच झाला. एकात लिनक्स खरोखर तुमच्या टॅबमध्ये चालतं. फॅब्रिस बेलार्ड (दुसऱ्या मशीनची नक्कल करणारं क्यूईएमयू आणि व्हिडिओसाठीचं एफएफएमपेग सुरू करणारा तोच) याने २०११ मध्ये काढलेलं जेएसलिनक्स या प्रकारातलं. तिथे प्रोसेसरची नक्कल ब्राउझरमध्येच चालणारा कोड करतो. खातं लागत नाही, लॉगिन नाही, पान उघडलं की थोड्या वेळात प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची जागा. दुसऱ्या प्रकारात टॅब ही फक्त खिडकी असते आणि मशीन दूर कुठेतरी सर्व्हरवर असतं: गूगल क्लाउड शेल, गिटहब कोडस्पेसेस वगैरे.

शेलचे पहिले तीन-चार आठवडे मी जेएसलिनक्सच वापरते, आणि त्याचं कारण म्हणजे तिथे बिनधास्त मोडतोड करता येते. आपण आत रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, म्हणूनच असतो. मी मुलांना बिन फोल्डरमधली एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) ही फाइल आरएम या पुसायच्या कमांडने उडवायला लावते. मग एलएस मारलं की 'नॉट फाउंड'. वर्गात खसखस पिकते. पण सीडी (फोल्डर बदलायची कमांड) चालतं! का? ती वेगळी फाइल नाही, शेलच्या पोटातच आहे. मग इको (पुढे दिलेलं छापणारी कमांड) आणि स्टार टाइप करायला सांगायचं: फाइलींची यादी हजर, कारण स्टारचा अर्थ शेलच लावतो. कमांड म्हणजे कुठेतरी पडलेला एक प्रोग्रॅम, ही गोष्ट फळ्यावर तासभर सांगूनही जितकी कळत नाही तितकी या पाच मिनिटांत कळते. शेवटी रिफ्रेश मारा, मशीन पुन्हा कोरं.

रिफ्रेश मारलं की मुलाने लिहिलेलंही कोरं, ही त्याची दुसरी बाजू. एका प्रॅक्टिकलला मी मोठ्या उत्साहाने सांगितलं की कंट्रोल-डब्ल्यू दाबलं की मागचा शब्द पुसला जातो. खऱ्या टर्मिनलमध्ये जातो. ब्राउझरमध्ये टॅबच बंद होतो. निम्म्या बॅचचे प्रोग्रॅम एका झटक्यात गेले आणि मी फळ्यापाशी खडू हातात धरून उभी. आता पहिल्याच दिवशी तो शॉर्टकट वापरायचा नाही म्हणून बजावते, आणि ठेवण्यासारखं काही असेल तर एक्स्पोर्ट-फाइल ही कमांड वापरून ते पीसीवर उतरवून घ्यायला लावते.

सीच्या प्रोग्रॅमसाठी मात्र दुसरा प्रकार घ्या. जेएसलिनक्सवर जीसीसी हा सी कंपायलर आहे, होम फोल्डरमध्ये हॅलोची सी फाइलही ठेवलेली आहे, पण जुन्या पीसीवर कंपाइल होईपर्यंत मुलं मोबाइल काढतात. क्लाउड शेलला नुसतं गूगल खातं पुरतं, कार्ड मागत नाही. होममध्ये ५ जीबी जागा मिळते आणि ती टिकते. मात्र होमबाहेर टाकलेलं टिकत नाही, म्हणून एप्टने (सॉफ्टवेअर टाकायची कमांड) काल टाकलेलं पॅकेज आज गायब असतं. 'मॅडम, काल चालत होतं' याचं उत्तर बहुधा हेच. कोडस्पेसेसच्या फुकट खात्यात दोन कोरच्या मशीनवर महिन्याला ६० तास मिळतात. मुलांना पुरतात, पण काम झालं की मशीन थांबवायची सवय लावा. नुसता टॅब बंद केला तर ते आणखी अर्धा तास चालू राहतं आणि तो वेळ धरला जातो. शिवाय तिथला एडिटर ४ जीबी रॅमच्या पीसीला जड जातो. माझ्या लॅबमध्ये म्हणूनच क्लाउड शेल आणि नॅनो हा साधा एडिटर, बस.

टर्बोची सवय सुटायला वेळ लागेल. टर्बोतली कोनिओची हेडर फाइल इथे नाही, स्क्रीन पुसणारं क्लिअर-स्क्रीन नाही, एरर दिसली की मुलं म्हणणार 'हे सी वेगळं आहे'. चालू द्या दोन आठवडे.

घरी लॅपटॉप नसलेल्यांना फोनवर ब्राउझर देऊ नका, कीबोर्डवर पाइपचं चिन्ह शोधण्यातच जीव जातो. अँड्रॉइडवर टर्मक्स हे टर्मिनलचं अ‍ॅप टाकायला सांगा. ते ब्राउझरमधलं नाही, पण एकदा क्लँग हा सी कंपायलर टाकून घेतला की नेटशिवाय चालतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलचे लिनक्सचे व्हिडिओ मराठीतही आहेत, तेही त्यांना द्या.

आणि स्वाध्याय कुठल्या एका साइटच्या चौकटीत लिहू नका. मी एका साइटवर वर्षभर धडे रचले आणि ती साइटच बंद पडली. आता सगळं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवते. परीक्षेच्या दिवशी नेट गेलं तर काय, हे मात्र तुमच्या एक्सटर्नल परीक्षकाशी आधीच बोलून ठेवा. आमच्याकडे त्या दिवसापुरतं अजूनही टर्बोच उघडतात.