हापशाचं पाणी आणि चार पायरोलचं कडं

प्रश्न : मी किनवट तालुक्यात रसायनशास्त्र शिकवते. तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडून ऋणआयन (ऋण विद्युतभाराचे कण, जसं फ्लोराइड) पकडणारं चक्री संयुग करवून घ्यायचं आणि त्यानं गावच्या हापशांच्या पाण्यातलं फ्लोराइड तपासायचं, असं मनात आहे. जमेल का?
– एक प्राध्यापिका, जि. नांदेड

उत्तर : मॅडम, संयुग जमेल, हापसा जमणार नाही. तरीही प्रयोग कराच.

सगळ्यात सोपं कॅलिक्स[४]पायरोल, म्हणजे चार पायरोल जोडून झालेलं कडं. पायरोल ४.२ मिली, ॲसिटोन ४.४ मिली, थोडं मिथेनॉल. भांडं बर्फात ठेवून तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबानं टाकायचं, ढवळत राहायचं. पांढरा साका बसतो. माझ्या एका बॅचमध्ये एका पोरानं आम्ल एकदम ओतलं. भांडं तापलं आणि हाती आलं काळं डांबर. पायरोल तपकिरी झालेलं असेल तर आधी ऊर्ध्वपातन करून घ्या, जुन्या बाटलीवर विसंबू नका. आणि सगळं धूरपेटीतच (फ्यूम हूड).

हे कडं जर्मन रसायनशास्त्रज्ञ बायरनं १८८६ मध्येच बनवलं होतं. ते ऋणआयन धरतं हे मात्र १९९६ मध्ये टेक्सासच्या सेसलर यांच्या गटानं दाखवलं. एकशे दहा वर्षं बाटलीत नुसतं पडून! मी वर्गात हे सांगतोच, मागची बाकंसुद्धा मान वर करतात.

आता तपासणी. पॅरा-नायट्रोफिनॉलचा टेट्राब्युटाइलअमोनियम क्षार ॲसिटोनायट्राइलमध्ये विरघळवा, पिवळाधमक रंग येतो. त्यात कडं टाकत गेलात की पिवळेपणा उतरतो, कारण कड्यातले चारही एन-एच (नायट्रोजन-हायड्रोजन) बंध मिळून त्या पिवळ्या ऋणआयनाला धरतात. मग टेट्राब्युटाइलअमोनियम फ्लोराइड टाका. फ्लोराइडवर कड्याचा जीव जास्त, ते पहिल्याला सोडून देतं आणि पिवळा परत येतो. हातमोजे विसरू नका, फ्लोराइड कातडीशी खेळायची चीज नाही.

आता हापसा. कडं पाण्यात विरघळत नाही, हे एक. दुसरं, पाण्याचे रेणू फ्लोराइडला घट्ट वेढून बसलेले असतात. ते सोडवायला मोलमागं सुमारे ५०० किलोजूल लागतात, एवढा जोर चार एन-एचमध्ये कुठला? त्यात पाणी स्वतःही कड्याशी झोंबतं. म्हणून हापशाच्या पाण्यानं रंग बदलला तरी ‘सापडलं फ्लोराइड’ म्हणून लेकरांना उड्या मारू देऊ नका. तेवढंच ऊर्ध्वपातित पाणी दुसऱ्या नळीत टाकायला लावा, आणि रंग का बदलला ते त्यांनाच सांगू द्या. माझ्या मते त्या तासाचा खरा धडा तोच, उत्पादन किती टक्के आलं ते कमी महत्त्वाचं.

हापशासाठी फ्लोराइड इलेक्ट्रोड वापरा, सोबत टिसॅब (मोजणीसाठी नमुन्याची आम्लता आणि आयनबल स्थिर ठेवणारं) द्रावण. नाहीतर स्पॅड्न्स या रंगद्रव्याची रंगपद्धत. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. नमुने आणायला मुलांना प्लॅस्टिकच्या बाटल्या द्या. काचेच्या नकोत, फ्लोराइड काचेला लागतं.