वाचक विचारतात : बेलारूसचे कैदी सुटले, मग घरी का नाही गेले?

प्रश्न : २०२० च्या निवडणुकीत बेलारूसचे राष्ट्राध्यक्ष लुकाशेंको यांना ८० टक्के मतं पडली असं वाचलं. एवढी मतं घेणाऱ्या माणसाला विरोधकांना जेलात टाकायची गरजच काय? यावरून आमच्या ग्रुपवर जाम वाद झालाय.
– राज्यशास्त्राचा एक विद्यार्थी

उत्तर : ८०.१ टक्के हा आकडा तिथल्या निवडणूक आयोगाचा आहे, आणि विरोधी उमेदवार स्वेतलाना तिखानोव्स्कायांना १०.१. पण आधी तारखा बघा, कारण मतदान ९ ऑगस्टला होतं आणि धरपकड त्याच्या कितीतरी आधीच सुरू झाली होती. ब्लॉगर सर्गेई तिखानोव्स्की, ज्यांना उभंच राहू दिलं नाही म्हणून बायकोने अर्ज भरला, ते तिच्यासाठी सह्या गोळा करत असताना २९ मे ला ग्रोदनोमधून उचलले गेले. बँकर व्हिक्टर बाबारिको सगळ्यात तगडे प्रतिस्पर्धी वाटत होते, ते १८ जूनला आत. तिसरे वालेरी त्सेपकालो मुलांना घेऊन देशच सोडून गेले. उरली तिखानोव्स्कीची बायको, म्हणजेच स्वेतलाना, तिचा अर्ज मात्र मंजूर, कारण आमची राज्यघटना बाईला झेपणारी नाही असं लुकाशेंको जाहीरपणे बोलत होते, म्हणजे हिच्याकडून काय धोका, असा हिशोब. तो साफ चुकला.

तिच्या लोकांनी एक साधी युक्ती काढली होती. मनगटाला पांढरी पट्टी बांधून यायचं आणि मतपत्रिकेला बाजाच्या भात्यासारख्या घड्या घालून पेटीत टाकायची, म्हणजे पारदर्शक पेटीत बाहेरूनच दिसतं किती जमल्या ते. (ज्या पेट्यांना पडदे लावले होते त्यांचं काय, ते तुम्हीच ओळखा.) शिवाय ‘गोलोस’ नावाच्या प्लॅटफॉर्मवर लोकांनी मतपत्रिकांचे फोटो पाठवले, केंद्रांवर चिकटवलेले निकालाचे कागदही गोळा केले. देशातल्या जेमतेम एक पंचमांश केंद्रांच्या कागदांवरच तिची मतं पावणेपाच लाखांच्या आसपास भरतात, आणि आयोग म्हणतो अख्ख्या देशात मिळून पाच लाख ८८ हजार. आता उरलेल्या चार पंचमांश केंद्रांत तिला फक्त लाखभर मतं पडली असं मानायचं असेल तर खुशाल माना.

तेव्हा तुमच्या ग्रुपवर एवढंच सांगा की ८० टक्क्यांवर ज्याचा स्वतःचाच विश्वास असतो तो निकालाच्या रात्री इंटरनेट बंद करत नाही. पहिल्या चार दिवसांत साडेसहा हजारांवर माणसं पकडली, राजधानी मिन्स्कच्या ओक्रेस्तिना कोठडीत इतकी कोंबली की बसायला जागा नाही, बाहेर आली ती काळीनिळी होऊन. आणि हे पहिल्यांदा झालं असंही नाही. १९ डिसेंबर २०१० च्या निवडणुकीनंतर लुकाशेंकोविरुद्ध उभ्या राहिलेल्या नऊपैकी सात उमेदवारांना धरलं होतं, त्यातले कवी व्लादिमीर न्याक्ल्यायेव मार खाऊन हॉस्पिटलात पडले होते तर साध्या कपड्यातले लोक त्यांना पांघरुणासकट उचलून घेऊन गेले.

प्रश्न : तिखानोव्स्काया मात्र दोन दिवसांत देश सोडून गेल्या. कार्यकर्ते रस्त्यावर मार खातायत आणि नेता परदेशात, हे पटत नाही.
– एक वाचक

उत्तर : तुमचा राग समजतो, पण १० ऑगस्टला त्या तक्रार द्यायला स्वतः निवडणूक आयोगात गेल्या आणि तिथे काही तास अडकवल्या गेल्या, मग त्या दिसल्या त्या थेट लिथुआनियात. मागून एक व्हिडिओ आला, खाली मान घालून कागदावरचं वाचतायत, लोकांनो रस्त्यावर उतरू नका. नवरा आधीच जेलात होता, मुलं बाहेर पाठवलेली. त्या जागी आपण काय केलं असतं हे मला तरी छातीठोकपणे सांगता येणार नाही.

प्रश्न : २०२५ मध्ये बेलारूसच्या राजकीय कैद्यांची दोनतीनदा सुटका झाली, नोबेलवाले मानवाधिकार कार्यकर्ते बियालियात्स्की पण सुटले. मग आता परिस्थिती निवळली म्हणायची का? आणि एक म्हातारा कैदी बॉर्डरवरून परत जेलात गेला म्हणे, हे काय डोकं फिरल्याचं लक्षण?
– एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : बाई, डोकं अजिबात फिरलेलं नाही, उलट या सगळ्या भानगडीतलं सगळ्यात शहाणं वागणं मला तेच वाटतं, जरा सविस्तर सांगते.

ते म्हणजे मिकोला स्तात्केविच, वर सांगितलेल्या २०१० च्या उमेदवारांपैकी एक, तेव्हाही शिक्षा भोगलेले. २०२० मध्ये मतदानाआधीच पुन्हा पकडले, मग १४ वर्षं दिली. ११ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेशी बोलणी होऊन ५२ जणांना सोडलं आणि बसमध्ये घालून लिथुआनियाच्या सीमेवर नेलं. स्तात्केविच ६९ वर्षांचे, बसचं दार ढकलून उतरले आणि दोन चौक्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यात जाऊन बसले, मी देश सोडणार नाही. बाकीचे पलीकडे गेले, हे तासन् तास तिथेच, शेवटी बेलारूसच्या बाजूला परत, आणि परत म्हणजे जेलातच.

यात मेख अशी की ‘सुटका’ म्हणतात ती खरी हद्दपारी आहे. तुला मोकळं करतो पण तुझ्या घरात नाही. २०२० मध्ये मारिया कोलेस्निकोवाबरोबर हेच करायचा प्रयत्न झाला होता. ही मूळची बासरीवादक, बाबारिकोंच्या प्रचाराची सूत्रं सांभाळायची. ७ सप्टेंबरला भर मिन्स्कमध्ये तिला गाडीत कोंबलं, धमक्या दिल्या की जिवंत नाहीतर तुकड्यांत पण देशाबाहेर काढूच, आणि पहाटे युक्रेनच्या सीमेवर नेलं. सोबतच्या दोन सहकाऱ्यांनी नंतर सांगितलं, तिने गाडीतच आपला पासपोर्ट फाडला, तुकडे खिडकीबाहेर फेकले, मग स्वतः खिडकीतून बाहेर पडून बेलारूसच्या दिशेने चालू लागली. पासपोर्टच नाही तर पलीकडे ढकलणार कसं! मग ११ वर्षांची शिक्षा, कैद्यांच्या वसाहतीत (तिथे जेलाला कॉलनी म्हणतात) अल्सर फुटून २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ऑपरेशन, आणि २०२३ च्या फेब्रुवारीपासून जवळजवळ पावणेदोन वर्षं घरच्यांना ना पत्र ना फोन. शेवटी १३ डिसेंबर २०२५ ला १२३ जणांना सोडलं त्यात ती होती, बाबारिको आणि तुमचे बियालियात्स्कीही होते. तिला पाठवलं कुठे, तर युक्रेनलाच.

त्या दिवशी अमेरिकेने बेलारूसच्या पोटॅशवरचे (खतात वापरतात ते खनिज) निर्बंध उठवले, सप्टेंबरमध्ये बेलाविया या सरकारी विमान कंपनीवरचे उठवले होते. म्हणजे माणसं द्या आणि खत सोडवा. सुटलेल्यांच्या घरी दिवाळी आहे याबद्दल मला काही म्हणायचं नाही, आतला एकेक दिवस काय असतो ते त्यांनाच ठाऊक, पण अशा सौद्यात माल संपला की नवा भरायचा असतो, आणि तो भरला जातोय. २०२५ संपतानाही हजाराहून जास्त राजकीय कैदी आत होते, सुटका चालू असतानाच नवी अटक चालूच.

आतल्यांना ओळखायला छातीवर पिवळी पट्टी लावतात, ‘अतिरेकी प्रवृत्तीचा’ अशी नोंद असलेल्यांना. कलम ४११ नावाची एक सोय आहे, जेलच्या अधिकाऱ्यांचं मुद्दाम ऐकलं नाही म्हणून शिक्षा वाढवायची, एक वर्ष, दोन वर्षं, आणि ऐकलं नाही म्हणजे काय तर बटण उघडं राहिलं, नमस्कार केला नाही, असलं काहीतरी दोनचारदा लिहून ठेवलं की झालं. संपत आलेली शिक्षा पुन्हा लांबते.

प्रश्न : बाहेर गेलेले बेलारूसी लोक मग नव्या देशात सुखाने राहत असतील ना?
– त्याच शिक्षिका, दुसऱ्या पत्रात

उत्तर : जीव वाचला हे खरं, पण कागदाचं दुखणं सुटत नाही. सप्टेंबर २०२३ पासून बेलारूसच्या वकिलाती परदेशातल्या नागरिकांना नवा पासपोर्ट देतच नाहीत, मुदत संपली तर देशात या आणि करून घ्या. देशात गेलं की विमानतळावरच काय होऊ शकतं हे प्रत्येकाला माहीत आहे. २०२५ मध्ये सीमेवर सोडलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या हातात पासपोर्ट दिलाच नव्हता, तेव्हा बँकेचं खातं, भाड्याचं घर, प्रवास, सगळ्याला आधी यजमान देशाकडून कागद मिळवत बसायचं. पोलंड आणि लिथुआनियाने अशांसाठी वेगळे प्रवासी दस्तऐवज द्यायला सुरुवात केली आहे, त्यावर बऱ्याच जणांचं चाललंय.